गोजीची मोळी आणि कवडशातली परी

झुळूकवाडीच्या वरच्या अंगाला पायवाट संपते आणि हिरवंगार रान सुरू होतं. तिथे एका इवल्याशा झोपडीत गोजी आणि तिची आई सरू राहत होत्या. झोपडी एवढीशी, पण दारासमोर एक रुंद, काळाभोर कातळ होता आणि त्या कातळावर मायलेकींचं सगळं जग पसरलेलं असायचं. जग म्हणजे काय? लाकडं!

आई रानात जाऊन पडलेल्या फांद्या आणि वाळलेले ओंडके आणायची. कुऱ्हाडीनं त्यांच्या फाका करायची. मग गोजी आपल्या चिमुकल्या हातांनी त्या फाका कातळावर रचायची. एक थर आडवा, एक थर उभा. मधल्या फटींतून वारा शिट्टी वाजवत पळायचा, वरून ऊन पडायचं आणि ओली, जडशीळ लाकडं हळूहळू हलकी व्हायची. वाळली की नाही हे कळायची एक गंमत होती. दोन लाकडं एकमेकांवर आपटायची. ‘धब्ब’ आवाज आला तर अजून ओली, आणि ‘टण्ण’ आवाज आला तर मोळी बांधायला तयार! बाजाराच्या दिवशी दोघी आपला दोन चाकांचा गाडा भरून गावात न्यायच्या आणि येताना तांदूळ, मीठ, कधी गुळाचा खडा घेऊन यायच्या.

पण त्या वर्षी थंडीत आईचा पाय निसरड्या दगडावरून घसरला आणि तिचा उजवा हात मोडला. हात फडक्यात बांधून ती झोपडीत बसून राहिली. गोजी म्हणाली, “आई, तू काळजी करू नको. लाकडं मी आणीन.” आणि खरंच, ती रोज रानात जायची, उचलतील तेवढ्या फांद्या ओढत आणायची, लहानशा कोयत्यानं तोडायची आणि रचायची. तळहाताला फोड आले तरी ती आईला हात दाखवायची नाही.

थप्पी वाळत आली आणि नेमका अवकाळी पाऊस आला! आला तो हटायचं नावच घेईना. गोणपाट टाकलं, पानं टाकली, तरी सगळी लाकडं भिजून काळी पडली. मडक्यातले तांदूळ तळाला गेले.

बाजाराच्या दिवशी सकाळी पाऊस थांबला. गोजीनं दोन लाकडं आपटली. धब्ब.

“वरून थोडी सुकी लावली आणि आत ओली घातली, तर कुणाला कळणार नाही,” ती हळूच म्हणाली. पण लगेच मान हलवली. “छे! मग मोळी घेणाऱ्या बाईच्या घरी नुसता धूरच होईल. तिची बाळं डोळे चोळत बसतील.” आणि ती कोयता, दोरी आणि पळसाच्या पानात गुंडाळलेली काडेपेटी घेऊन रानात गेली.

रान कसं चमचमत होतं! पानापानाच्या टोकावर इवले थेंब लटकले होते. गवतावर चांदीची जाळी पसरली होती. पण कोरडं लाकूड कुठेच दिसेना. खूप फिरल्यावर एका कपारीत, वरच्या दगडाच्या आडोशाला, तिला मूठभर कोरड्या काटक्या सापडल्या. “अगंबाई! निदान आईची पेज तरी शिजेल,” म्हणत तिनं त्या छातीशी धरल्या.

इतक्यात पायाशी कुणीतरी कण्हलं. गोजी खाली वाकली. एका ओल्या पानाखाली बोटभर उंचीची मुलगी थरथरत बसली होती. तिचे केस पिवळेधमक, झगा शेंदरी आणि पाठीला दोन नाजूक पंख. पंख भिजून पाठीला चिकटले होते.

“तू कोण गं?” गोजीनं विचारलं.

“मी... मी कवडशातली परी,” तिचे दात वाजत होते. “पानांच्या फटीतून उन्हाचे गोल गोल कवडसे पडतात ना, त्यांच्यातून मी खाली उतरते. पण ढग आले, ऊन गेलं आणि मी इथेच अडकले. मला खूप थंडी वाजते गं.”

गोजीनं हातातल्या काटक्यांकडे पाहिलं. तिला आईचा चेहरा आठवला, रिकामं मडकं आठवलं. मग तिनं परीकडे पाहिलं. परीचे ओठ निळे पडले होते. तिनं दगडावर काटक्या रचल्या, काडी ओढली आणि इवलासा जाळ केला. त्या जाळाशी परीला तळहातावर बसवून तिनं हळूहळू फुंकर घातली.

परीचा एक पंख उलगडला, मग दुसरा. बघता बघता त्यांवर रंग उमटले! आंब्याच्या कोवळ्या पानांचा तांबूस, मोराच्या मानेचा निळा, मोहरीच्या फुलांचा पिवळा. आणि सगळीकडे सोनेरी कण भुरभुरू लागले.

“तुझ्या घरच्या पेजेच्या काटक्या तू माझ्यासाठी जाळल्यास,” परी म्हणाली. “माझ्या दोन पंखांत दोन इच्छा आहेत. त्या तुझ्या. पण नियम ऐक हं. सूर्य त्या समोरच्या टेकडीला टेकायच्या आत मागायचं. एकदा बोललेलं परत घेता येणार नाही. आणि जिवंत झाडाला दुखेल असं काही मागायचं नाही.”

“ते तर आईनं मला कधीच शिकवलंय,” गोजी हसून म्हणाली. तिनं थोडा विचार केला. बाजार भरायची वेळ झाली होती. “परीताई, आमची कातळावरची लाकडं वाळू देत.”

परीनं डावा पंख हलवला. पंखावरचे सगळे रंग उडाले आणि सोनेरी वाऱ्यासारखे कातळाकडे धावत गेले. गोजी पळत घरी आली तर काय! थप्पीतून वाफा निघत होत्या आणि लाकडं कशी खडखडीत! आईनं डाव्या हातानं लाकूड उचललं आणि नुसती बघतच राहिली.

बाजारात गोजीचा गाडा पोचला मात्र, माणसांचा घोळका जमला. त्या ओल्या दिवसांत सुकं सरपण कुणाकडेच नव्हतं. गुणाजी हलवाई पुढे आला आणि म्हणाला, “ए पोरी, सगळा गाडा मला दे. मागशील तो भाव देतो!”

गोजी आनंदानं दोरी सोडणार, इतक्यात घोळक्यातून ठकूआजी पुढे आली. तिचा पदर ओला होता.

“बाळे, माझी सून पहाटे बाळंत झाली. बाळ गारठलंय गं. चूल नुसती धुमसते, पाणी तापत नाही. एक मोळी देशील? आत्ता माझ्याजवळ द्यायला काही नाही.”

“आधी आजींना,” गोजी म्हणाली आणि तिनं सगळ्यात चांगली मोळी आजीच्या डोक्यावर ठेवली. “गुणाजीकाका, रागावू नका. सगळा गाडा नाही देता येणार. ज्यांच्या घरी तान्ही बाळं आहेत, आजारी माणसं आहेत, त्यांना आधी देते.”

“मग बस तशीच!” गुणाजी तणतणत निघून गेला.

कुणी मूठभर तांदूळ दिले, कुणी कांदे दिले, कुणी नुसतंच डोक्यावरून हात फिरवला. गाडा रिकामा झाला. पण माणसं अजून उभीच होती. एका लहान मुलीनं आईला विचारलं, “आपल्याला आजपण भात नाही?” आईनं तिला जवळ ओढलं.

गोजी जड पावलांनी रानात परतली. ऊन तिरकं झालं होतं. एका मोठ्या कवडशात परी तिची वाट बघत बसली होती.

“दुसरी इच्छा सांग, गोजी. सूर्य उतरतोय.”

गोजीच्या ओठांवर शब्द तयारच होते. आईचा हात बरा होऊ दे! सकाळपासून ती मनात तेच घोळवत होती. पण तिनं खाली गावाकडे पाहिलं. एवढी घरं, आणि धूर निघत होता तो मोजक्याच छपरांतून.

“परीताई, मी गावातल्या सगळ्यांच्या चुलीजवळचं ओलं सरपण वाळू दे म्हटलं, तर आईच्या हाताचं मागता येणार नाही ना?”

“नाही, राणी. एकच पंख उरलाय.”

“आणि सगळ्यांकडे सुकं सरपण झालं, तर आमची लाकडं कुणी घेणार नाही.”

“तेही खरं,” परी हळू आवाजात म्हणाली. “मी सांगायचं नाही. तू ठरवायचंस.”

गोजीच्या डोळ्यांत पाणी आलं. सूर्य टेकडीच्या अगदी जवळ आला. तिनं डोळे पुसले आणि मोठ्यानं म्हणाली, “झुळूकवाडीतल्या प्रत्येक घरातलं ओलं सरपण वाळू दे. आईचा हात सावकाश बरा होईल. तोवर मी आहे. पण त्या मुलीला भूक आत्ता लागलीये.”

परीनं उजवा पंख हलवला. रंगांची एक लांबच लांब झिरमिळी झाडांवरून खाली वाहत गेली. आणि मग आणखी एका छपरातून निळसर धुराची रेघ वर आली. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, मग साऱ्या गावातून! वाऱ्यावर भाताचा गोड वास आला. खालून मुलांच्या हसण्याचा आवाज आला. गोजीही हसली, रडता रडताच हसली.

परीचे दोन्ही पंख आता काचेसारखे पारदर्शक झाले होते. ती उडून गोजीच्या नाकाच्या शेंड्यावर बसली.

“तू मागितलंस ते मी दिलं,” ती म्हणाली. “आता मला माझ्या मनानं काही द्यायचंय. त्याला कुठलाच नियम नाही.”

सूर्य टेकडीला टेकला. परी आधी पिवळी झाली, मग सोनेरी, मग इतकी लख्ख की गोजीनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तिथे परी नव्हती. नुसता प्रकाश होता. तो फांद्याफांद्यांतून झुळझुळत गेला, पायवाटेवरून धावला आणि झोपडीच्या दारातून आत शिरला.

“गोजेऽऽ!” आईची हाक आली. “अगं गोजे, इकडे ये!”

आई पायवाटेनं पळत येत होती. हाताचं फडकं तिच्या खांद्यावर लोंबत होतं. जवळ येताच तिनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिचे दोन्ही हात ऊबदार होते.

काही दिवसांनी, पुढच्या बाजाराला गाडा न्यायचा की नाही, असा विचार मायलेकी करत होत्या. तोच खालून माणसांचा गलका ऐकू आला. गावकरी बांबू, कौलं आणि दोऱ्या घेऊन चढण चढत होते! सगळ्यात पुढे गुणाजी हलवाई होता. त्याच्या डोक्यावर गरम जिलेबीची टोपली होती.

“त्या दिवशी मला राग आला होता गं,” तो धापा टाकत म्हणाला. “पण घरी जाऊन माझ्या नातीला मांडीवर घेतलं आणि तुझं म्हणणं कळलं. आता सरपण घ्यायचं तर तुमच्याकडूनच. आणि ते भिजू नये म्हणून छप्पर आम्ही घालून देणार.”

आणि त्यांनी ते घातलंही, त्याच दिवशी. दोन्ही बाजूंनी मोकळं, वारा खेळता राहील असं ऐसपैस छप्पर. मोठी माणसं कौलं चढवत होती आणि खाली आई आणि गोजी नव्या लाकडांचा पहिला थर रचत होत्या. तेव्हा कौलांच्या फटीतून उन्हाचे इवले इवले गोल गोजीच्या केसांवर उतरले आणि कितीतरी वेळ तिथेच नाचत राहिले.