तानीबाईची लाल फीत

खाडीपलीकडची अणुभट्टी फुटली त्याला किती पिढ्या झाल्या, आता कुणाला सांगता यायचं नाही. पण तानीबाई कोण, ते शेंबडं पोरही सांगेल.

तानीबाईचा एक आंबा होता, नि धाकटी जाऊ गोदा हिचा एक. दोन्ही सासऱ्यानं एकाच दिवशी लावलेले. गोदाचा डोंगराच्या आडोशाला, तानीचा उघड्या उतारावर. गावदेवीला पहिला आंबा दरसाल गोदाचाच. तानीच्या झाडाला नुसता पाला. पोटात आग पडायची हो बाईच्या! गोदानं प्रेमानं धाडलेले आंबे ती वासरापुढं टाकायची नि आंबट निघाले म्हणून सांगायची.

मग भट्टी फुटली, राखाडी पाऊस पडला. पुढच्या हंगामात टिकटिकणारं यंत्र घेऊन माणसं आली. ज्या झाडापाशी यंत्र कडाडलं त्याला लाल फीत. त्याचं फळ खायचं नाही, तोडून पुरायचं. गावाला तोवर देवळात बसवलं होतं. तानी तेवढी कुंपणाआडून बघत होती.

असं म्हणतात, नेमका त्याच साली तिचा आंबा असा लहडला, की फांद्या भुईला टेकल्या. फीत बसली त्यालाच. गोदाचं झाड स्वच्छ.

तानीचा जळफळाट झाला. मेलं यंत्रसुद्धा गोदाच्याच बाजूचं! माणसं पाठमोरी होताच तिनं आपली फीत सोडली नि गोदाच्या झाडाला बांधली.

गोदानं रडत रडत आपले आंबे पुरले. तानीची पाटी वाजतगाजत देवीपुढं गेली. प्रसाद वाटताना गोदाची लेक चिंगी आंबा घेऊन तानीजवळ आली.

"काकी, तुझा आंबा आईच्या आंब्याहून गोड असेल ना गं?"

जन्मभर हेच ऐकायला तानीचे कान आसुसले होते. तिनं चिंगीच्या हातावर फटका मारला. आंबा घरंगळत गेला.

"कुणी खाऊ नका. फीत माझ्या झाडाची आहे."

त्यानंतर ती झाडाखालीच राहिली. दर हंगामात एकेक फळ तोडून पुरायची, पाखरालाही चोच लावू द्यायची नाही. असं म्हणतात, तिचा खड्डा कधी भरला नाही, नि ती गेली त्याच दिवशी झाड उभं वाळलं.

यंत्रं केव्हाच गंजली. तरी आमच्याकडे अजून मोहर आला की बायका आपापल्या आंब्याला लाल फीत बांधतात. ती सुटल्याशिवाय फळ कुणी तोंडात घालत नाही. आणि ती आपली आपण सोडायची नसते. जावेनं यायचं, तानीबाईचं नाव घ्यायचं, नि आपल्या हातानं सोडायची.