धनकेतूच्या मैदानातले मुके प्रेक्षक

एका राज्यात चेंडूच्या खेळाचं भारी वेड. नगरागणिक मैदान, मैदानागणिक संघ, आणि संघागणिक एक धनी. धनी एकमेकांशी चढाओढ करून भिकेला लागू लागले, तेव्हा जुन्या राजानं शिळेवर नेम कोरला: मैदानानं मिळवावं, तेवढंच संघानं खावं. दाराशी तांब्याचा हंडा ठेवावा. बघणाऱ्यानं त्यात नाणं टाकावं, त्यावर खेळाडू पोसावेत. धन्यानं घरचं सोनं ओतलं, तर नगराला शाप लागेल.

सरदार धनकेतू असाच एक धनी. घरी सोनं उदंड, पायऱ्यांवर माणसं मोजकी, आणि संघ दर साल हरे. एके दिवशी काळनाभ नावाचा जादूगार दारी आला.

"सरदार, नेम मोडायला नको. प्रेक्षक मी आणतो. सोनं तुमचं, हात त्यांचे."

"आणि मोल?"

"तुमच्या पदरचं काही जाणार नाही."

पुढच्या खेळाला मैदान काठोकाठ भरलं. हंडा ओसंडला. आठ देशांचे खेळाडू विकत घेतले, संघ जिंकत सुटला. शेजारचे धनी राजसभेत गेले.

"याच्या हंड्यात एवढं येतं कुठून? आमच्या पायऱ्यांवर कावळे बसतात, तेही फुकट."

"माझं मैदान भरलेलं असतं. मोजून घ्या," धनकेतू म्हणाला.

मोजलं. एक जागा रिकामी नव्हती. सभा उठली.

धनकेतूची पत्नी मंदारवती मोठी नेमाची. खेळाच्या दिवशी उपास धरी, हंड्याला हळदकुंकू वाही, पतीसाठी जय मागे. तिला एकच नवल वाटे. एवढी माणसं, पण कुणी ओरडत नाही, कुणी टाळी देत नाही, कुणाला साधा खोकला येत नाही. नगरही दिवसेंदिवस गप्प होत चाललेलं. भाजीवाली आरोळी देईना. बाया पाणवठ्यावर भांडेनात. आणि एका सकाळी तिची सात वर्षांची लेक कुंदा उठली, तोंड उघडलं, तर आवाजच नाही.

मंदारवतीनं अन्न सोडलं. तिसऱ्या दिवशी मैदानाच्या कमानीवर भारद्वाज पक्षी बसला आणि बोलला.

"बाई, जय मागितलास, जय मिळाला. आता तीन कामं कर. पायऱ्यांवरच्या बायकांना कुंकू लाव. मग हंड्यातली ओंजळभर नाणी मैदानामागच्या कोरड्या विहिरीत टाक. आतून हाक येईल, ओ देऊ नकोस. दिलीस तर तुझाही आवाज तिथंच राहील. तिसरं काम तुझ्या पतीचं. त्यानं खऱ्या नाण्यांवर एक खेळ खेळवावा."

भर दुपारी, खेळ चालू असताना, ती करंडा घेऊन पायऱ्या चढली. बायकांनी रीतीनं कपाळ पुढं केलं. तिनं बोट टेकवलं, ते गार पडलं. कुंकू कपाळातून आरपार जाऊन दगडावर सांडलं. अख्ख्या मैदानात ते टिकलं चौघींच्या कपाळी.

मग तिनं विहिरीत नाणी टाकली. खालून कुंदा बोलली, "आई, इथं खूप माणसं आहेत. मला वर घे ना."

मंदारवती ओ न देता माघारी वळली. वाटेच्या वळणावर हाक आणखी जवळून आली, अगदी पदराशी. तिनं ओठ दाताखाली धरला. घरी पोचली तेव्हा हनुवटीवर रक्त होतं.

"अहो, ते प्रेक्षक खरे नाहीत," ती पतीला म्हणाली. "एकेकाला बसवायला नगरातला एकेक आवाज लागलाय. आपल्या कुंदाचाही."

धनकेतूच्या तोंडचं पाणी पळालं. "तो म्हणाला होता, माझं काही जाणार नाही."

"आधी दुसऱ्यांचंच गेलं ना. तेव्हा आपल्याला कळलं नाही."

मग तिनं भारद्वाजानं सांगितलेलं तिसरं काम सांगितलं. त्यानं बोटांवर हिशेब केला. "खरी नाणी एकवीस निघतील," तो म्हणाला. " तेवढ्यात ते आठ देशांचे महारथी जागचे उठायचे नाहीत."

"नगरातले घ्या. कुंभार आहेत, कोष्टी आहेत."

"हरू."

"हरू या."

खेळाच्या दिवशी सगळे धनी जमले. धनकेतूनं त्यांच्यादेखत हंडा उपडा केला आणि एकवीस नाणी वेगळी काढली. "बाकी सोनं माझं आहे," तो म्हणाला. "मी नेम मोडला."

खेळ सुरू झाला. कुंभार-कोष्टी अनवाणी धावले. पहिला चेंडू त्यांच्या जाळीत गेला आणि प्रेक्षकांची एक रांग धुक्यासारखी विरली. दुसरा गेला, दुसरी विरली. धनकेतू उठला नाही, त्यानं खेळ थांबवला नाही. नववा चेंडू गेला, तेव्हा शेवटची रांग गेली. तिच्यात काळनाभ बसला होता, तोही गेला.

रिकाम्या पायऱ्यांवर ऊन पडलं, इथं-तिथं खरी एकवीस माणसं तेवढी उरली. चिटपाखरू बोलेना. आणि मग वरून एक म्हातारी कोष्टीण कडाडली, "म्हाद्या मेल्या, जाळीपुढं उभा आहेस की देवापुढं?"

जाळी राखणारा तिचा लेक दचकला. आधी कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, शिव्या देऊ लागले, भांडू लागले. शेजारचे धनी मुकाट्यानं उठले आणि आपापले हंडे तपासायला निघून गेले.

कुंदानं बापाचा अंगरखा ओढला. "बाबा, आपण नऊ वेळा हरलो?"

"नाही गं. एकदाच," धनकेतू म्हणाला. त्यानं तिला उचलून घेतलं आणि तेच पुन्हा विचारायला लावलं.

त्या घरचं गेलेलं बोलणं जसं परत आलं, तसं ऐकणाऱ्यांच्या आणि सांगणारीच्या घरी नांदतं राहो.