चार दिवसांची खोली

"आणि ह्या खोलीला घरातून दार का नाही?" हर्षलने विचारलं.

रावजी मेस्त्री जमिनीवर फक्कीची रेघ ओढत राहिले.

हर्षल आर्किटेक्चरचं कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडून त्यांच्या हाताखाली आला होता. जुन्या घरालगत नव्या घराची आखणी चालू होती. मागच्या अंगाला सहा बाय चारची एक खोली. दार फक्त परसात.

"बायका बाहेरच्या झाल्या की बसायला," मालक दाजी सावंत म्हणाले. "घराण्याची रीत आहे. आता सून त्या लाकडांच्या खोपीत बसते. तिच्यासाठीच तर बांधतोय."

उपकार केल्यासारखं बोलले. खोपीत त्यांची सून प्रणिता चटईवर पाठ वळवून बसली होती. सगळं ऐकू जात होतं तिला.

"तुमचा कुत्रा ओसरीवर झोपतो, दाजी," हर्षल म्हणाला.

"मेस्त्री, ह्याला आवरा."

मेस्त्रींनी आवरलं नाही. हर्षल त्यांच्याकडेच वळला.

"आजवर किती घरांना केलीत ही खोली?"

"चाळीस."

"एक्केचाळीस," मेस्त्रींनी स्वतःच दुरुस्त केलं. "माझं घर धरून."

हर्षलने ओळंबा खाली ठेवला. "मग मी निघतो."

"जेवणापर्यंत थांब," मेस्त्री म्हणाले. मग दाजींना म्हणाले, "बसा आत."

"कशात?"

"खोलीत. रेघ पडली की खोली झाली. आमच्या धंद्याची रीत आहे. आतून दार नसलेली खोली जो सांगतो, त्यानं पहिले चार दिवस तिथं बसायचं. घरात पाऊल नाही, कुणाला शिवायचं नाही. नाहीतर आढं टिकत नाही."

दाजींनी इकडेतिकडे पाहिलं. रीत म्हटल्यावर काय बोलणार? आयुष्यभर दुसऱ्यांना तेच ऐकवलेलं. बसले.

ऊन वर आलं. वाटेवरून जाणारा एकजण थांबला. "दाजी, बरं आहे ना?"

दाजींनी तोंड फिरवलं.

दुपारी त्यांची बायको ताट घेऊन आली. तिला कुणी काही शिकवायला लागलं नाही. रेघेच्या बाहेर उभी राहिली, केळीचं पान आत सरकवलं, आणि भात वरून टाकला. आमटी वरून ओतली. थोडी दाजींच्या धोतरावर उडाली.

"अगं, जरा खाली वाकून..."

"शिवेन," ती म्हणाली, आणि गेली.

दाजींनी एकदा पानाकडे, एकदा खोपीकडे पाहिलं. मग न जेवताच उठले.

"मेस्त्री, दार माजघरातून काढा."

खोपीपाशी जाऊन ते घसा खाकरत राहिले. "सूनबाई... चटई उचल. आत चल."

प्रणिता त्यांच्याकडे न बघता उठली. ओसरीच्या पायऱ्या चढून सरळ घरात गेली.

हर्षलने ओळंबा उचलला.

"मेस्त्री, ही रीत मी कधी ऐकली नाही. कधीपासूनची?"

मेस्त्री पायाने जुनी रेघ पुसत होते.

"आज सकाळपासूनची. उद्या कुणी विचारलं, तर फार जुनी आहे म्हणून सांग."