टिचकू नाच विसरला

फार पूर्वी समुद्रातल्या एका बेटावर, माडाच्या झावळीवर टिचकू नावाचा कोळी राहत होता. जाळं न विणता उडी मारून शिकार करणाऱ्या कोळ्यांपैकी तो. त्यांच्यात रीत अशी, की नवऱ्या मुलाने मुलीसमोर नाचायचं. नाच आवडला तर लग्न, नाही आवडला तर मुलगी त्याला खाऊन टाकायची.

टिचकूला नाच शिकवला त्याच्या मामाने. मामाला पाय सहाच उरले होते, त्यामुळे तो अनुभवी समजला जाई.

"डावीकडे तीन पावलं, उजवीकडे तीन, मग पुढचे पाय वर," मामा बजावायचा. "आणि तोंडातून शब्द काढायचा नाही!"

एका सकाळी टिचकू शेजारच्या झावळीवर ठिपकी नावाच्या मुलीसमोर उभा राहिला. ती त्याच्या दुप्पट होती. टिचकू तीन पावलं डावीकडे गेला आणि पुढचं सगळं विसरला. ठिपकी एक पाऊल पुढे सरकली.

"अहो, पाठ केला होता हो," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "पण तुम्हाला पाहून घाबरलो."

ठिपकी थांबली. मग ती इतकी हसली, की झावळी हलायला लागली.

"मला पाठ आहे तो नाच. तुझ्याआधी चौघे तोच नाचले. माझ्याशी बोललास तो तूच पहिला. बस इथे."

टिचकू जरा अंतर ठेवूनच बसला. "ते चौघे हल्ली कुठे असतात?" त्याने विचारलं.

ठिपकी लाजली. "ते जाऊ दे," ती म्हणाली. "तू जेवलास का?"