बिस्किटांच्या कपाटाला आडवी काटी

खैरगडच्या महाराजांची दाढ अशी ठणकू लागली, की दरबारात कुणी हसायचं नाही असा त्यांनी हुकूमच काढला. दुसऱ्याचे पांढरे दात दिसले की त्यांचा जळफळाट व्हायचा. स्वतःचे निम्मे काळे पडले होते, उरलेले हलत होते. सिंहासनाच्या उजव्या हाताला विलायती बिस्किटांचं कपाट, डाव्या हाताला दातांचा विलायती डॉक्टर पिकफोर्डसाहेब, असा त्यांचा थाट!

अशात वारल्यांच्या पाड्यावरची चैती दरबारात येऊन उभी राहिली.

"म्हाराज, आमी जंगलातला डिंक तुमच्या कोठीत आनून देतो. आधी त्याच्या बदल्यात भाकरीला नागली मिळायची. औंदा साखर नि बिस्किटंच मिळतात. पोरं गाल धरून रडतात. आमची नागली आमाला द्या."

"मी तुम्हाला सुधारायला निघालोय आणि तुम्हाला नागली हवी?" महाराज स्वतःचा गाल धरून म्हणाले.

"हे लोक काडीने दात घासतात, म्हणून किडतात," साहेबाने मत दिलं.

"माझी आजी जलमभर काडीच चावते. अजून दातांनी सुपारी फोडते," चैती म्हणाली. "साहेबाचे दात तर खोटे. झोपताना पेल्यात काढून ठेवतो, भांडीवाली सांगत होती."

साहेबाने तोंड मिटून घेतलं.

महाराज भडकले. "एवढी शहाणी आहेस, तर आठ दिवसांत माझा ठणका थांबव. पण लवंग, पाला, पावडर, चिमटा, काही म्हणजे काही माझ्या तोंडात घालायचं नाही. थांबला तर नागली. नाही तर तुमची काडी बंद, आणि पाड्याला कायमची बिस्किटं."

चैती बाहेर गेली, बोरीची काटेरी फांदी तोडून आणली आणि बिस्किटांच्या कपाटाला आडवी बांधली.

"आमच्या पाड्यावर कुलपं नसतात, म्हाराज. दाराला काटी आडवी असली की आत कुनी हात घालत नाही. घातला तर त्याला मानूस म्हनत नाहीत."

"आणि मी घातला तर?"

"तर काटा टोचंल. तो मी काढीन. दात काढायला साहेब हायेच."

सगळा दरबार बघत होता. आता हात घालायचा कसा? पहिले तीन दिवस महाराज सगळ्यांवर खेकसले. चौथ्या दिवशी कुणी नाही असं पाहून त्यांनी हात पुढे केला आणि बोट चोखत परतले. आठव्या दिवशी मात्र ठणका थांबला होता.

पण हार मानतील ते महाराज कसले? "हे कसलं औषध? दाढ माझी, आणि काटी बांधलीस कपाटाला!"

"दुखनं तिथंच ठेवलं होतं ना, म्हाराज."

महाराज स्वतःचाच हुकूम मोडून काळे दात दाखवत खदखदून हसले. त्याच दिवशी नागलीची पोती पाड्याकडे निघाली. बिस्किटांचं कपाट पिकफोर्डसाहेबाला बक्षीस मिळालं. त्याच्या दातांचं आता आणखी काही बिघडण्यासारखं नव्हतं.