शोकेसमधले सहा कप

घराघरांतल्या वस्तू अजून बोलत असत, तेव्हाची गोष्ट. कमलिनीबाईंच्या शोकेसमध्ये सोनेरी काठाचे सहा कप होते, खास पाहुण्यांसाठी. पाहुणे आले की बाई म्हणत, "हे तर घरचेच," आणि साधे कप काढत. स्वतः मात्र कान तुटलेल्या कपातून चहा पीत.

"आमच्यामुळे घराला शोभा आहे," सोनेरी कप म्हणाले.

"वीस वर्षांत तिला घोटभर चहा दिला नाहीत," कानतुटका कप भडकला, "आणि शोभा कसली सांगता?"

पुढे बाई वारल्या. भेटायला आलेल्यांसाठी शेजारीण शोकेस उघडू लागली, तर सून म्हणाली, "ते राहू देत, फुटतील. कागदी कप आणलेत." मग तिने कानतुटका कप कचऱ्यात टाकला.

कचऱ्यातूनही तो ओरडत होता, "तिच्याहून मोठा पाहुणा कोण येणार होता या घरात?"