आवडूच्या पाटावरची भेडसं

फार फार मागची गोष्ट. आमच्या व्हाळवाडीत तेव्हा जेमतेम सात बागा होत्या, आणि सातही बागांना पाणी एकाच पाटाचं. त्या पाटाची राखण आवडू करायची. बाई अंगाने काटकुळी, पण शब्दाची पक्की.

व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, आणि पाटाच्या काठाने भेडसाची झुडपं दाट वाढलेली. माघात त्यांना पांढरी फुलं यायची, नुसत्या तंतूंचे झुबके. भेडसं फुलली की पाणी ओसरायला लागलं असं समजायचं आणि पाळ्या लावायच्या. आवडू पहाटे पाटाच्या तोंडाशी एक फूल सोडायची आणि काठाने चालत जायची. ज्या बागेशी फूल अडेल, त्या दिवशीचं पाणी तिचं. असं म्हणतात की फूल कधी चुकलं नाही. जिथली माती तहानलेली, तिथेच थांबायचं. आवडू बोटाने हळूच ढकलते असंही काही जण म्हणायचे. म्हणोत बापडे, पोफळी तर सगळ्यांच्याच हिरव्या होत्या.

सगळ्यात वरची बाग दाजी गावकरांची, सगळ्यात खालची भिवाची. भिवाला मुलगी झाली तेव्हा त्याने पोफळीची शंभर रोपं लावली होती. ही गोष्ट घडली त्या वर्षी रोपं चौथ्या वर्षात होती आणि पाऊस लवकर गेला होता. माघात पाणी मिळालं नाही, तर चार वर्षांची मेहनत मातीत जाणार होती. फूल रोज दाजींच्या बागेवरून पुढे जायचं आणि भिवाकडे थांबायचं. दाजींच्या पोटात दुखायला लागलं.

ते दिवस कवळ तोडायचे. भाताची जमीन भाजण्यासाठी जो तो डहाळ्या तोडत होता. दाजींनी रानात जायचे कष्ट वाचवले आणि काठावरची भेडसं बुंध्यापर्यंत छाटून नेली. वर आवडूला म्हणाले, "आता फूल नाय, तर पाळी नाय. जेच्या दारात पाणी, तेचा पाणी."

त्या दिवसापासून पाटाचं सगळं पाणी दाजींच्याच बागेत जाऊ लागलं. आवडू भांडली नाही. तिला फार वाईट वाटलं, रोपांचंही आणि झुडपांचंही. सात दिवस ती खाली व्हाळातून घागरी भरून भिवाच्या रोपांना घालत राहिली. येता-जाता एकेक ओंजळ छाटलेल्या बुंध्यांनाही घालायची.

आठव्या दिवशी काय झालं, ते सगळ्या वाडीने पाहिलं असं म्हणतात. बुंध्यांवर पान एक नाही, पण फुलं गच्च. वाऱ्याची झुळूक आली आणि फुलांनी पाट पांढरा झाला. दाजींनी बागेत पाणी घ्यायचं तोंड सताड उघडं ठेवलं होतं. पाणी तिथवर आलं, उंबरा ओलांडावा तसं ते तोंड ओलांडून गेलं, आणि थेट भिवाच्या रोपांत शिरलं. दाजींनी फावड्याने वळवून पाहिलं, हातांनी अडवून पाहिलं. पाणी बोटांतून निघून गेलं.

दाजी तिथेच चिखलात बसले. म्हणाले, "आवडू, चुकलंय मी. आता काय करू सांग."

आवडू म्हणाली, "शेवटच्याक पयला पाणी देवा, दाजीनू. शेवटचो भिजलो की वाटेवरचे आपसूक भिजतत."

भिवाची रोपं जगली. दाजींनी स्वतः काठाला भेडसाची रोपं लावली. आवडू पुढे कधी गेली, कशी गेली, कुणालाच ठाऊक नाही. एका माघात ती फुलामागून चालत गेली आणि परत आलीच नाही, एवढंच सांगतात.

आजही व्हाळवाडीत काठावरच्या भेडसांना कोयता लावत नाहीत. पहिलं फूल आलं की सगळ्यात वरच्या बागेचा मालक आपल्या बागेचं तोंड आपल्याच हाताने चिखलाने लिंपतो. मग आवडूचं नाव घेऊन फूल सोडतो आणि त्याच्यामागून शेवटच्या बागेपर्यंत चालत जातो. तिथला मालक त्याच्या हातावर एक सुपारी ठेवतो. मधल्या काळात वाटण्या झाल्या, बागा इकडच्या तिकडे गेल्या. आता वरची बाग भिवाच्या पणतवंडांकडे आहे, शेवटची दाजींच्या घराण्याकडे, आणि दरवर्षी पहिलं पाणी जातं ते त्यांच्याच बागेत.